पानं चारच्या पटीत

आमच्या मुख्याध्यापकांचा असा ठाम विश्वास आहे की कुठलंही काम 'अपेक्षा' असा मथळा देऊन टाईप केलं, की निम्मं झालंच म्हणून समजावं. उरलेलं निम्मं मराठीच्या शिक्षकानं करायचं असतं. यंदा शाळेचा वार्षिकांक विद्यार्थ्यांनी स्वतः, वर्गात बसून काढायचा असं ठरलं, तेव्हा 'वार्षिकांक निर्मिती : विद्यार्थ्यांकडून अपेक्षा' असा दोन पानी कागद निघाला आणि शनिवारचे दोन तास माझ्या नावावर चढले. माझीच निवड का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. फार पूर्वी एका दैनिकात वाचकांच्या पत्रांत माझं एक पत्र छापून आलं होतं. विषय : नळाला न येणारं पाणी. पाणी अजून आलेलं नाही, पण शाळेत मी तेव्हापासून साहित्यिक आहे.

मूळ कल्पना अमेरिकेतून आली. संस्थेचे अध्यक्ष उन्हाळ्यात लेकीकडे टेक्ससला गेले होते. अमरावतीच्या मे महिन्यातून पळून टेक्ससच्या मे महिन्यात जाण्यात काय मिळवलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. येताना त्यांनी नातीच्या शाळेचं ईअरबुक आणलं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद आणि वजन एवढं की टेबलावर ठेवताना स्टाफरूममधले दोन कप हलले. तिकडे म्हणे ईअरबुक हा चक्क विषय असतो. त्याचा तास असतो, त्याला गुण असतात. मुलंच फोटो काढतात, मुलंच पानं लावतात, जाहिराती आणतात, तारखा पाळतात आणि वर्ष संपताना एकमेकांच्या प्रतींवर मजकूर लिहून सह्या करतात.

"तिकडचे पोट्टे करू शकतात," अध्यक्ष म्हणाले, "तर आपले काऊन नाई?"

याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात चहा आला.

खरं तर वार्षिकांक आपल्याला काही नवा नाही. मी शिकत होतो तेव्हा शाळेचं हस्तलिखित निघायचं. कार्डशीटवर स्केचपेननं वेलबुट्टी, वर्गातल्या सर्वांत सुंदर अक्षराच्या मुलीकडून सगळा मजकूर लिहून घेतलेला, आणि प्रत एकच. वाचून खराब होऊ नये म्हणून ती कपाटात कुलूप लावून ठेवत. पुढं सायक्लोस्टाईल आलं. त्या अंकांत विद्यार्थ्यांची प्रतिभा शाईच्या डागांच्या आड दिसेल तेवढी दिसायची. मग शिशाचे खिळे जुळवून छापलेले अंक आले. फोटोचा ब्लॉक करून घेणं महाग, म्हणून संस्थापकांचा एकच ब्लॉक वर्षानुवर्षं वापरला जाई. शाळेची इमारत जुनी झाली, मास्तर निवृत्त झाले, पण संस्थापक काही केल्या पंचेचाळीसच्या पुढं सरकले नाहीत.

तर अपेक्षा. साहित्य स्वतःचंच असावं. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात असावं. खाली नाव, वर्ग, तुकडी, हजेरी क्रमांक. सोबत गणवेशातला, हसरा पण शिस्तबद्ध फोटो. साहित्य उत्स्फूर्त असावं आणि गुरुवारपर्यंत जमा करावं. विषय विद्यार्थ्यांनी मुक्तपणे निवडावा. सोयीसाठी विषयांची यादी सोबत जोडली आहे. यादीत 'मोबाईल : शाप की वरदान', 'झाडे लावा झाडे जगवा', 'माझी आई' आणि 'माझ्या स्वप्नातील शाळा' हे विषय होते. शेवटच्या विषयापुढं मुख्याध्यापकांनी कंसात लिहिलं होतं : 'सध्याच्या शाळेवर टीका नको.'

गुरुवारपर्यंत एकही कागद आला नाही. शुक्रवारी मी वर्गशिक्षकांना सांगितलं की साहित्याला तोंडी परीक्षेत धरू. सोमवारी स्टाफरूमच्या दाराशी एवढे कागद साचले की शिपाईकाकांना वाटलं, रद्दीवाला बोलावला आहे.

त्यात कविता सर्वांत जास्त. अमरावती हे सुरेश भटांचं गाव. १९३२ साली ते इथं जन्मले. तेव्हापासून इथल्या प्रत्येक घरात एक तरी माणूस काफिया जुळवतो, अशी माझी समजूत आहे, आणि त्या कागदांनी ती पक्की केली. आठवीतल्या एकानं आईवर कविता दिली होती. चांगली होती. इतकी चांगली, की मी त्याचं पाठ्यपुस्तक मागून घेतलं. पान शोधायचीही गरज नव्हती, पुस्तक आपसूक त्याच पानावर उघडलं. त्या पानाचा कोपरा त्यानं दुमडून ठेवला होता.

"अरे, ही तर पुस्तकातली कविता आहे."

"हो सर. तुमीच तं म्हनलं होतं, चांगल्या कविता वाचा."

"वाचा म्हटलं होतं."

"वाचल्यावरच लिवली नं, सर."

दुसऱ्या एकानं 'माझे गाव अकोला' या विषयावर पाच पानं आणली. मजकूर अस्खलित, एकही चूक नाही, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्या परिच्छेदात अकोल्याच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी येणाऱ्या मंद खाऱ्या वाऱ्याचं वर्णन होतं. पारा ४५ च्या पुढं गेला की जिथं दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही, तिथं नारळाची झाडं डुलत होती. मी विचारलं, हे कुणी लिहिलं? तो म्हणाला, मोबाईलमधल्या एआयनं. "पन सर, ऐकून तं घ्या. थ्यानं लिवलं असलं, तरी विषय म्याच देला होता." या तर्कावर शाळेतला निम्मा पत्रव्यवहार चालतो, म्हणून मी गप्प बसलो.

वैचारिक लेखांचा पहिला परिच्छेद मात्र सगळ्यांचा सारखा होता. हा आमच्या जिल्ह्याचा वारसाच आहे. इथं कुठल्याही समारंभात पाहुणा उभा राहिला की आधी इंद्राची अमरावती, मग कौंडिण्यपूर, मग अंबादेवीच्या देवळातून झालेलं रुक्मिणीहरण, त्यानंतर गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज, मग पंजाबराव देशमुख, आणि एवढं सगळं झाल्यावर 'वेळेअभावी' मूळ विषय. पोरांनी लहानपणापासून हेच ऐकलंय. 'प्लास्टिकचे दुष्परिणाम' या निबंधात श्रीकृष्ण रथ घेऊन आलेला पाहून मला नवल वाटलं नाही.

आता ईअरबुकची मुख्य गंमत. अमेरिकेच्या त्या ग्रंथात निरोपाच्या वर्गातल्या मुलामुलींना किताब दिले होते : हा सर्वांत विनोदी, ही पुढं खूप मोठी होणार, हा सर्वांत छान कपडे घालतो. अध्यक्षांना हे फार आवडलं. आपल्याकडेही हे होतंच की. स्नेहसंमेलनात फिशपॉन्ड पडायचे, त्याआधीच्या पिढीत शेलापागोटे वाटायचे, आणि ज्याला मिळायचं तो आयुष्यभर त्याच नावानं ओळखला जायचा. तेव्हा ठरलं की दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोटोखाली एक ओळ छापायची आणि ती त्याच्या वर्गमित्रांनी लिहायची. खडूचा रिकामा खोका फिरवला, चिठ्ठ्या जमल्या.

मी सांगतो, इतकं सरस, नेमकं, जिवंत लेखन मी मराठी शिकवायला लागल्यापासून वाचलं नव्हतं. निबंधात ज्यांना दोन ओळी सुचत नाहीत, त्या पोट्ट्यांनी एकेका ओळीत माणूस उभा केला होता. 'दर सोमवारी ज्याची आजी मरते तो.' 'गनिताच्या तासाले डोये उघडे ठेवून झोपनारा.' 'सर, पानी प्याले जाऊ का, असं इचारत इचारत दहावीपरेंत आलेला.' 'मॅडम गृहपाठ तपासाचं इसरल्या की हात वर करून आठवन देनारी, हिच्यापासून सावध.' 'खिडकीतून भायेर पाहू पाहू मान एका अंगानं झालेला.' 'मधल्या सुट्टीच्या आंधी दुसऱ्याचा डबा आनि मधल्या सुट्टीत सोताचा खानारा.'

मी त्या चिठ्ठ्या मुख्याध्यापकांपुढं ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सर, हा अंक बाहेर जातो."

"हो."

"शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातो."

"हो, पण ते..."

"वाचत नसतील. पण समजा वाचला तर?"

या 'समजा वाचला तर' च्या भीतीनं मराठी गद्याचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं दुसऱ्या कशानं केलं नसेल. मुख्याध्यापक लाल पेन घेऊन बसले आणि ओळी 'सकारात्मक' करू लागले. पाणी प्यायला जाणारा 'जलसाक्षर विद्यार्थी' झाला. दर सोमवारी आजी गमावणारा 'कुटुंबवत्सल'. डोळे उघडे ठेवून झोपणारा 'एकाग्रचित्त'. खिडकीवाला 'पर्यावरणप्रेमी'. दुसऱ्याचा डबा खाणाऱ्यावर ते बराच वेळ अडले, मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं आणि त्यांनी लिहिलं, 'सहभोजनातून समतेचा संदेश देणारा'. मी थक्क होऊन पाहत राहिलो. मला साहित्यिक म्हणतात. पण प्रतिभा कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

एवढं करूनही पालक आलेच. पर्यावरणप्रेमीचे वडील दारातूनच गरजले, "सर, आमच्या पोट्ट्याले डॉक्टर करनं आहे. तुमी हे पर्यावरनप्रेमी-गिरनप्रेमी लिहून त्याची ॲडमिशन बिघडवता का?" त्याला 'भावी डॉक्टर' केलं. हे कळताच दुसऱ्या दिवशी आणखी काही पालक आले, आणि आठवड्याभरात आमचा दहावीचा वर्ग हे एक सुसज्ज जिल्हा रुग्णालय झालं. पेशंट म्हणून फक्त जलसाक्षर उरला.

मुलं आधी हिरमुसली. मग त्यांना त्यातला खेळ सापडला. आमची विद्यार्थी-संपादिका, म्हणजे तीच ती गृहपाठाची आठवण करून देणारी, एक वही घेऊन फिरू लागली. डाव्या बाजूला पोरं बोलतात ते, उजव्या बाजूला मुख्याध्यापकांनी केलेलं. हळूहळू वर्गातली भाषाच बदलली. एकाला विचारलं, गृहपाठ कुठंय? तो नम्रपणे म्हणाला, "सर, तो प्रक्रियेत आहे." उशिरा आलेला एक जण म्हणाला, "सर, मी वेळेच्या पलीकडं जाऊन आलो." मागच्या बाकावर दोघांची झटापट चालली होती, जवळ गेलो तर कळलं की ती विचारांची देवाणघेवाण होती. मी रागावू लागलो की संपादिका वही काढायची, आणि माझा आवाज आपोआप खाली यायचा.

अपेक्षा क्रमांक नऊनुसार प्रत्येक विद्यार्थ्यानं एक जाहिरात आणायची होती. वऱ्हाडात जाहिरात देणारे मोकळ्या मनाचे असतात. बी-बियाणं, खतं, चष्मे, लग्नाचा बँड, शिकवणी वर्ग आणि सरकीची ढेप. ढेपेच्या दुकानदारानं अर्धं पान घेतलं आणि एकच अट घातली : पान असं पाहिजे की लोक बघतील. सर्वांत जास्त बघितलं जाणारं पान कुठलं? दहावीच्या गुणवंतांचं. त्यामुळं वर नव्वद टक्क्यांच्या पुढच्या मुलामुलींचे फोटो आणि खाली ठळक अक्षरात, 'आमच्या ढेपेची कमाल! नियमित द्या, फरक पाहा.' हे सरळ छापून गेलं असतं. पण पहिल्या आलेल्या मुलीच्या आजीनं प्रूफ पाहिलं आणि ती म्हणाली, "माय वं, हे तं खरंच वाटून राह्यलं."

मग फोटोचा दिवस. फोटो काढायचं काम ज्याच्या काकाचा स्टुडिओ आहे त्या पोराकडं. कॅमेरा काकाचा, ऐटही काकाचीच. अपेक्षापत्रकात 'हसरा पण शिस्तबद्ध' असं असल्यामुळं तो ओरडत होता, "हसा बे! ए, दात नको!" सगळा वर्ग पोट दुखत असल्यासारखा दिसू लागला. त्यात पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचा प्रश्न. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडं सचिव की मुख्याध्यापक यावर बरीच खलबतं झाली. शेवटी दोघांनाही उजवीकडं बसवलं. डावीकडची बाजू ओस पडली म्हणून तिथं ढाल ठेवली. १९९० च्या दशकात खो-खोत मिळालेली ती ढाल आमच्या प्रत्येक फोटोत असते आणि सगळ्यांपेक्षा नैसर्गिक तीच दिसते.

त्या दिवशी जी पोरं गैरहजर होती, त्यांचे पासपोर्ट फोटो लंबगोलात कापून ग्रुप फोटोच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवायची प्रथा आहे. वर आकाश असतं, जागा मोकळी असते. अंकाची कच्ची प्रत घरी गेली आणि एका पोराची आई तडक शाळेत आली. डोळे पाण्यानं भरलेले.

"सर, आमच्या पोराले वर ढगात काऊन टाकलं जी? जित्तं आहे ना थे. नुसता ताप आल्ता."

आता छपाई. अमरावतीत छापखान्यांना तोटा नाही. पण मुख्याध्यापकांच्या साडूंचा छापखाना अकोल्याला आहे आणि ते 'घरच्या भावात' छापून देतात. प्रवासखर्च वेगळा, पण तो घरच्या भावात धरत नाहीत. त्यामुळं प्रुफं घेऊन बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असं एसटीनं जाणं आणि येणं माझ्या वाट्याला आलं. हा अमरावती-अकोला रस्ता साधासुधा नाही. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५ किलोमीटर, आणि त्यांना दहा दिवस लागले होते. इथं ७२० माणसं रात्रंदिवस राबली. त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी माझ्या मनात हिशेब सुरू व्हायचा. पाच दिवसांच्या आत ७५ किलोमीटर रस्ता. आणि आमचा अंक जुलैत सुरू झाला होता. तो आधी १४ जानेवारीला, मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात निघणार होता, मग २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी, मग गुढीपाडव्याला. फरक कुठं पडतो तेही मला एकदा मूर्तिजापूरच्या थांब्यावर उमगलं. त्या ७२० जणांत मार्गदर्शक कमी आणि डांबर टाकणारे जास्त असणार. आमच्या संपादक मंडळात बारा जण होते, पैकी नऊ मार्गदर्शक, दोन सल्लागार आणि डांबर टाकायला मी.

साडूंच्या छापखान्यात डीटीपीला बसणारा मुलगा हुशार होता, पण लग्नसराई चालू होती. एका खिडकीत लग्नपत्रिका, दुसऱ्या खिडकीत आमचा अंक. त्यामुळं विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असा सुरू झाला आणि वृक्षारोपणाच्या वृत्तान्ताखाली 'कृपया आहेर आणू नये' अशी टीप आली. आम्ही मजकूर मोबाईलवरून पाठवलेला, छापखान्याचा फॉन्ट जुना. बदल करताना सगळे रफार उडाले. वर्गाचा 'वग' झाला, कार्यक्रमाचा 'कायक्रम' झाला, आणि नऊच्या नऊ मार्गदर्शक 'मागदशक' म्हणून एका रांगेत उभे राहिले. ते बसवले, तर निबंध स्पर्धेची 'निर्बंध स्पर्धा' झाली. तो जास्तीचा रफार कुठून आला हे शोधत होतो, तोवर स्नेहसंमेलनाच्या अहवालात काना जाऊन वेलांटी बसली, आणि 'त्यानंतर अध्यक्षांचे पाऊण तास भीषण झाले' असं वाक्य तयार झालं.

"अरे, हे बघ काय झालंय."

त्यानं स्क्रीनकडं पाहिलं. "सर, तुमी तिथं होते का?"

"होतो."

"मंग? चूक आहे का?"

मी वेलांटी काढायला लावली. त्यानं काढली, पण चेहऱ्यावर नाराजी होती. "एवढं बारीक कोन वाचते सर? लोकं आपला फोटो पाहतेत, पोट्ट्याचं नाव पाहतेत, नं अंक टीव्हीखाली ठेवून देतेत." त्या अंकात संपादकीय माझं होतं. तीन रात्री जागून लिहिलेलं, शेवटी स्वतःच रचलेल्या शार्दूलविक्रीडितातल्या चार ओळी. मी त्याला म्हटलं, संपादकीय तरी वाचतात. तो म्हणाला, "कुठी आहे थे?" त्यानंच टाईप केलं होतं.

अखेर सगळं जुळलं आणि पानं भरली ६१. मुलगा म्हणाला, साठ करा नाहीतर चौसष्ट. मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीतच लागतात, त्याला इलाज नाही. एक पान कमी करावं म्हटलं, तर कुठलं? अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, मुख्याध्यापकांचं मनोगत, शुभेच्छुकांचे फोटो, ढेप. विद्यार्थ्यांचं साहित्य तर आधीच एवढं कापून झालं होतं की त्यातून आणखी कापायचं म्हणजे हजेरीपट कापावा लागला असता. म्हणजे ६४. तीन पानं कोरी. मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी एका पानावर नव्या स्वच्छतागृहाचा फोटो आणि एका पानावर सुविचार टाकायला सांगितलं. तिसऱ्याचं काय करावं या विचारात होतो, तेवढ्यात संपादिकेचा फोन आला. पान उरल्याची बातमी तिला कशी कळली, हे मला अजून कोडं आहे.

"सर, एक पान आम्हाले द्या नं. गुरुजनांबद्दल कृतज्ञतेचं आहे. एकही शब्द वाकडा नाई."

तिनं वहीतून वाचून दाखवलं, मुलानं टाईप केलं, मी शुद्धलेखन पाहिलं. खरोखरच एकही शब्द वाकडा नव्हता. मुख्याध्यापकांना मथळा कळवला, 'कृतज्ञता'. ते म्हणाले, वा, छापा.

प्रकाशन पाडव्यालाही झालं नाही. ते निकालाच्या दिवशी झालं, कारण त्या दिवशी पालक आपणहून येतात. अध्यक्षांनी रिबीन सोडली, अंक उंच धरला, फोटोसाठी तो उलटा धरला गेल्यामुळं पुन्हा धरला. मग मुख्याध्यापक माईकवर आले. म्हणाले, आपल्या विद्यार्थ्यांवर झालेले संस्कार बघायचे असतील तर शेवटचं पान पाहा. मी स्वतः ते वाचून दाखवतो. आणि त्यांनी भरल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आमचे आदरणीय मुख्याध्यापक : प्रार्थनेनंतरच्या ओघवत्या वाणीने ज्यांनी आमच्यात दीर्घकाळ उभे राहण्याची क्षमता निर्माण केली." टाळ्या. "क्रीडाशिक्षक : मैदानावर कोणत्या वेळी कुठे सावली असते, याचा ज्यांचा गाढा अभ्यास आहे." टाळ्या. "गणिताच्या मॅडम : ज्यांच्या तासाला आम्ही ध्यानधारणेची पहिली पायरी चढलो." मॅडमनी मान लववली. "मराठीचे सर : तास संपल्याची घंटा झाल्यावर जे खऱ्या अर्थाने खुलतात." मीही मान लववली, काय करणार, सगळे बघत होते. "कार्यालयातील आदरणीय काका : 'उद्या या' या दोन शब्दांतून ज्यांनी आम्हाला आयुष्यभर पुरेल एवढा संयम दिला."

पोरं अशी शिस्तीत बसली होती की विचारू नका. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. अपेक्षेप्रमाणे दात तर नव्हतेच नव्हते.

मुख्याध्यापकांनी संपादिकेला व्यासपीठावर बोलावलं. "बाळ, एवढी सुसंस्कृत भाषा तुम्ही कुठून शिकलात?"

"सर, तुमच्याकडूनच," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला. मुख्याध्यापकांचा कंठ दाटून आला. पुढच्या वर्षी अशा साहित्याला किमान आठ पानं द्यायची, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. अध्यक्षांनी अनुमोदन दिलं आणि पाऊण तास बोलले.

मंडपातून निघताना कार्यालयातल्या काकांनी मला कोपऱ्यात गाठलं. हातात अंक, बोट त्या ओळीवर.

"सर, तुमी साहित्यिक मानूस. खरं सांगा, हे माह्यं कौतुक आहे का दुसरं काई?"

मी म्हणालो, "काका, उद्या या."